मँचेस्टर आणि आसपास : आजी-आजोबांसाठी व नातवंडांसाठी थोडी माहिती



इंग्लंड म्हटले की आपली माणसे लंडन पाहून परत येतात. आम्ही मात्र मँचेस्टरला गेलो, कारण आमची थोरली बहीण अक्का तिथे राहते. ती १९६९ साली मुंबईहून नर्स म्हणून तिकडे गेली आणि आम्ही १९७२ साली इकडे बेरशेबाला आलो. "पुढच्या वर्षी नक्की" असे दोन्हीकडून म्हणता म्हणता वर्षे निघून गेली. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे आणि अकरा वर्षांचा नातू असे तिघे निघालो. परत आल्यावर बऱ्याच जणांनी माहिती विचारली, म्हणून हा लेख.

निघण्यापूर्वी

इस्राएली पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, पण जानेवारी २०२५ पासून 'ई.टी.ए.' नावाची परवानगी आधी काढावी लागते. ती मोबाईलवरून मिळते आणि लहान बाळालासुद्धा वेगळी लागते. शुल्क बदलत असते, म्हणून फक्त सरकारी ॲपवरूनच भरा. मुंबईहून कोणी नातेवाईक तुम्हाला तिकडे भेटणार असतील तर भारतीय पासपोर्टवर पूर्ण व्हिसा लागतो. त्यांनी लवकर तयारीला लागावे.

आता जुन्या नर्सचा सल्ला ऐका. औषधे मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. विमानात तासातासाने उठून पाय हलवा आणि पाणी प्या. आपल्याकडचे 'अकामोल' तिकडे मागितले तर केमिस्ट तोंडाकडे बघत राहील, त्याला 'पॅरासिटामॉल' म्हणायचे. तातडीच्या मदतीसाठी ९९९ आणि साध्या वैद्यकीय सल्ल्यासाठी १११ हे नंबर आहेत. इस्पितळाच्या तातडीच्या विभागात तपासणीचे पैसे घेत नाहीत, पण दाखल करून घेतले तर परदेशी पाहुण्याला बिल येते. तेव्हा विमा काढल्याशिवाय निघूच नका. प्लगसाठी तीन जाड पिनांचा अडॅप्टर घ्या. आणि ऑगस्ट असला तरी स्वेटर व छत्री हवीच!

बाळगोपाळांनो, तिथे गाड्या डाव्या बाजूने धावतात. आम्हा मुंबईकरांना त्याचे काही वाटले नाही, पण आमचा नातू पहिल्याच दिवशी चुकीच्या बाजूला बघून रस्त्यात उतरला आणि आजोबांनी कॉलर धरून मागे ओढला. आधी उजवीकडे बघायचे, लक्षात ठेवा.

शहरात फिरताना

मँचेस्टरच्या ट्रॅम पिवळ्या आहेत. फलाटावरच्या यंत्राला बँकेचे कार्ड चढताना लावायचे आणि उतरल्यावर पुन्हा लावायचे. प्रत्येकाचे कार्ड वेगळे हवे. कार्डावर मोठ्यांचेच भाडे कापले जाते, म्हणून मुलांचे तिकीट मशीनमधून काढा. शहराच्या मध्यभागी फुकट बसही आहे, गुडघे दुखणाऱ्यांना फार सोयीची. आगगाडीने जास्त फिरणार असाल तर साठीच्या पुढच्यांना 'सीनियर रेलकार्ड' मिळते. स्टेशनवर पासपोर्ट दाखवावा, बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. चाकाची खुर्ची हवी असल्यास आधी कळवून ठेवावे, माणूस मदतीला येतो.

चीथम हिल रोडवर ज्यूइश म्युझियम आहे. ही मूळची १८७४ साली बांधलेली स्पॅनिश-पोर्तुगीज सिनेगॉग. कापसाच्या व्यापारासाठी आलेल्या सेफार्दी लोकांची. रंगीत काचा आणि कमानी बघून आम्हाला मुंबईची आठवण झाली. डीन्सगेटवरचे जॉन रायलंड्स ग्रंथालय १९०० साली उघडले. त्यांच्या संग्रहात कैरोच्या गेनिझातले हजारो तुकडे आहेत. बघायला पैसे पडत नाहीत. आपले पहिले राष्ट्राध्यक्ष डॉ. वाइझमन १९०४ साली याच शहराच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायला आले होते, हे नातवाला सांगितले तेव्हा त्याने प्रथमच फुटबॉल सोडून दुसरा प्रश्न विचारला.

लिंकन चौकात अमेरिकेच्या अब्राहम लिंकनचा पुतळा आहे. मँचेस्टरमध्ये लिंकन कशाला? तर १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन युद्धात कापूस येणे बंद झाले, गिरण्या थांबल्या, तरीही इथल्या कामगारांनी गुलामगिरीविरुद्ध बाजू घेतली. १८६३ साली लिंकनने त्यांना आभाराचे पत्र लिहिले. त्याच काळात आपल्या मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने विकला गेला होता.

विमानतळाजवळ स्टायल गावी 'क्वॉरी बँक' ही १७८४ सालची गिरणी आहे. साचे अजून चालवून दाखवतात. आवाज असा की बोलणे ऐकू येत नाही! आमचे आजोबा परळच्या गिरणीत साचेखात्यात होते. घरी ते नेहमी ओरडून बोलत आणि आम्हा मुलांना वाटे की ते रागावलेत. त्या आवाजात उभे राहिल्यावर आम्हा दोघी बहिणींना सत्तर वर्षांनी उलगडा झाला. नातवाच्या वयाची अनाथ मुले इथे दिवसाला बारा बारा तास राबत, त्यांचे राहण्याचे घरही आहे. रस्ता उताराचा आहे, काठी घ्या.

अक्काने हौसेने ट्रॅफर्डचे इस्पितळही दाखवले. ५ जुलै १९४८ रोजी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली ती या इमारतीतून. दोन म्हाताऱ्या नर्सेस फाटकाशी उभ्या राहून फोटो काढतात, याचे नातवाला फार हसू आले.

आसपास

लिव्हरपूल आगगाडीने तासाभराच्या आत येते. १८३० साली सुरू झालेला हा मार्ग दोन शहरांना जोडणारा पहिला रेल्वेमार्ग मानतात. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर २३ वर्षांनी धावली. तिथे मर्सी नदीतली फेरी मुलांना आवडते आणि प्रिन्सेस रोडची सिनेगॉग अवश्य पाहावी. यॉर्कला जायला दीड तास पुरतो. रेल्वे म्युझियम फुकट आहे. पण क्लिफर्ड्स टॉवरपाशीही जा. ११९० साली तिथे अडकलेल्या सुमारे १५० यहुद्यांचा अंत झाला. आम्ही वर चढलो नाही, खालीच उभे राहून कद्दिश म्हटले.

खाणे आणि बोलणे

कोशेर दुकाने उत्तरेकडे प्रेस्टविच व ब्रॉटन भागात आहेत. पोहे, गूळ, नारळ, कोथिंबीर रुशोमच्या विल्म्स्लो रोडवर मिळते.

सुखरूप पोहोचलो म्हणून आम्ही अक्काच्या घरी मलिदा केला. खरे सांगायचे तर पहिले दोन दिवस अक्का आमच्याशी इंग्रजीतच बोलत होती. आमचे मेहुणे वारल्यापासून तीन वर्षे घरात मराठी बोलायला कोणी नव्हते. तिसऱ्या दिवशी परातीकडे बघून ती एकदम म्हणाली, "पोहे जास्त भिजले गं, आई रागावली असती." त्यानंतर बाईसाहेब थांबेनात! नातवाला मराठी येत नाही आणि तिला हिब्रू येत नाही. तिने त्याला रोज एक वाक्य शिकवायचे असे ठरले.

आम्ही परतलो, आणि २ ऑक्टोबर २०२५ रोजी किप्पूरच्या दिवशी तिथल्या हीटन पार्क सिनेगॉगवर हल्ला झाला. दोघांचा मृत्यू झाला. अक्काच्या घराजवळचाच तो भाग. आमचा उपास सुटल्यावर बातमी कळली. फोन केला तर ती उचलेना. त्यांचा उपास आपल्यापेक्षा अडीच तास उशिरा सुटतो, हे ठाऊक असूनही त्या रात्री घरात कोणाच्या घशाखाली घास उतरला नाही. साडेनऊनंतर तिने फोन उचलला. गुडघ्यामुळे ती घरीच होती. आम्हाला बोलता येईना. तेव्हा नातवाने फोन घेतला आणि शिकवलेले वाक्य म्हटले, "अक्का आजी, जेवलीस का?" पलीकडून बराच वेळ नुसते रडणे आणि हसणे ऐकू आले.

आता लोक विचारतात, अशा वेळी जावे का? आमचे म्हणणे, जावे. सिनेगॉगमध्ये जायचे असेल तर आधी कळवावे, पासपोर्ट जवळ ठेवावा, पहारेकऱ्याने विचारले तर राग मानू नये. पण तिकडे तुमची बहीण-भाऊ असतील तर पुढच्या वर्षावर टाकू नका. आणि मुलांनो, जाण्यापूर्वी मराठीची दहा वाक्ये शिकून घ्या. बॅगेत त्यांचे वजन होत नाही.