हललेला माणूस फोटोत येत नाही

मोठ्या इमारतीचा आतून फोटो काढायची एक ठरलेली रीत आहे. पहिली अट, माणूस नको. बोरीबंदर स्टेशनच्या तिकीटघराचे फोटो बघा. आता त्याला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. उंच कमानी, गुळगुळीत खांब, दगडात कोरलेली पानं, छतावर सोनेरी चांदण्या. आणि खाली फरशी रिकामी. मुंबईत ती फरशी रिकामी कवा असते, सांगा?

मग फोटो निघतो कसा? एक तर पहाटे जायचं. नाहीतर कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवून शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. आत उजेड कमी, म्हणून तसंही ते लागतंच. पण त्या वेळात जो माणूस चालला, तो फोटोत उमटतच नाही. जो रांगेत उभा राहून हलला, त्याचा धूर होतो. दगड हलत नाही, दगड स्वच्छ येतो. जुन्या काळच्या काचेच्या प्लेटींना तर आतल्या अंधारात आणखीनच वेळ लागायचा. म्हणजे हे पुसणं जुनंच आहे.

शटर उघडं असताना एकच माणूस स्वच्छ येतो. फरशीवर दमून झोपलेला. त्याला मात्र उठवतात.

माझा आजा रस्त्याच्या कामावर खडी फोडायचा. म्हणून मी दगड बघितला की आधी हात शोधतो. ह्या इमारतीचं काम १८७८ ला सुरू झालं, दहा वर्षं चाललं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचा. त्याचं नाव सगळ्या पुस्तकांत आहे. रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे बाहेरच्या भिंतीवर दगडात कोरलेत. नक्षीकाम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलं, एवढंही लिहिलंय. पण खाणीतनं दगड काढणारा? डोक्यावर चुन्याची पाटी घेऊन परातीवर चढणारी बाई? त्यांचा चेहरा कुठल्या भिंतीवर आहे? २००४ साली युनेस्कोनं ही इमारत जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. वारसा ठरला. वारस कोण, ते कुणी विचारलं नाही.

गेल्या ६ डिसेंबरला आईला घेऊन चैत्यभूमीला आलो. दादरला उतरायचं सोडून शेवटपर्यंत गेलो, कारण तिला बोरीबंदर बघायचं होतं. तिकीटघरात ती खांबाला टेकून बसली. पांढरं लुगडं, मांडीवर भाकरीचं गठुडं. एक जण मोठा कॅमेरा घेऊन आला नि म्हणाला, "मावशी, जरा तिकडं सरका, फोटोत येताय."

आईनं मला विचारलं, "कशाचा फोटू काढतोय त्यो?"

"छताचा."

"मग छत वर हाय की. मी कुठं आडवी आलीया?"

ती सरकली नाही. मी माझा फोन काढला. रंगीत काचांच्या खिडकीतनं ऊन येत होतं. अशा जागी साध्या फोनचं एक असतं. खिडकीवर उजेड धरला तर माणूस काळा पडतो, माणसावर धरला तर खिडकी पांढरीफटक होते. मी आईच्या तोंडावर बोट ठेवलं. खिडकी गेली. आईच्या कपाळावरचं गोंदण आलं.

ह्याच स्टेशनात २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सेबॅस्टियन डिसोझा ह्या वृत्तपत्र छायाचित्रकारानं अजमल कसाबचे फोटो काढले. ते पुढं कोर्टात पुरावा झाले, डिसोझांनी साक्ष दिली. त्या फोटोत कमानीचं सौंदर्य कुणी बघत नाही. फोटो शोभेसाठी असतो तसा साक्षीसाठीही असतो. आपल्याला साक्षीचा फोटो पायजे.

मी ज्या सूतगिरणीत रिंगफ्रेमवर रात्रपाळी करतो, तिच्या ऑफिसात खात्याचा मोठा फोटो टांगलाय. मशिनं ओळीत, फरशी चकचकीत, रुईचा एक कण नाही. अरे, हवेत रुई नसलेली गिरणी म्हणजे बंद गिरणी! आमच्या छातीत जी जाते, ती फोटोत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनो, आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तर एवढं करा. विधानभवन असो, हायकोर्ट असो, विद्यापीठ असो, जिथं फोटो काढू देतात तिथं काढा. झाडणारी बाई बाजूला व्हायची वाट बघू नका. तिला विचारा, ती हो म्हणाली तर तिच्यावर उजेड धरा. आणि फोटो कागदावर उतरवून मागं लिहा: नाव, गाव, काम, तारीख. नक्षी कोरणाऱ्यांच्या वेळी हे लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. आता आपण आहोत.