अवतरणचिन्हांतला शब्द

आत्याच्या ओव्यांची शब्दसूची करायला घेतली, तेव्हा साहित्याच्या माणसाने सी प्लस प्लसच्या वाटेला का जावे, असे मित्रांनी विचारले होते. हौस, याखेरीज उत्तर नव्हते. ओव्या एका फाइलीत टंकून घेतल्या होत्या. टंकताना चुकलेले शब्द मात्र आत्याने आठवून सांगितले, तसे मी आज्ञावलीतच अवतरणचिन्हांत लिहीत गेलो. ‘बांधव’चे तिने ‘बंधवा’ केले, असे पंधरा-वीस.

छापलेली सूची तिच्या हाती दिली. फाइलीतले शब्द जागच्या जागी होते. तिच्या दुरुस्त्यांच्या जागी ओळीने 1, 1, 1.

“अरे, माझ्या शब्दांना तू नुसते आकडे दिलेस?” असे म्हणून तिने चष्मा काढून ठेवला.

चूक शोधण्यात दोन रात्री गेल्या. ‘नोंदव’ हे माझे फंक्शन आधी केवळ शब्द, म्हणजे ‘स्ट्रिंग’, घेत असे. पुढे एखादा पाठ शंकास्पद आहे की नाही हे टिपण्यासाठी त्याच नावाचे दुसरे रूप मी केले; ते फक्त होय-नाही, म्हणजे ‘बूल’, घेणारे. एका नावाचे दोन अर्थ याचे आपल्याला नवल नाही. जेवताना ‘सैंधव’ मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना घोडा, हे जुनेच उदाहरण. आणि असा अर्थ कशाकशाने ठरतो, त्यात प्रकरणही येते, हे भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त नोंदवलेले आहे. कंपायलर प्रकरण पाहत नाही. समोर आलेल्या वस्तूचा प्रकार कोणता आणि तिथून कोणते रूप अधिक जवळचे, एवढेच तो पाहतो.

आणि अवतरणचिन्हांतला शब्द त्याच्या लेखी ‘स्ट्रिंग’ नसतोच! युटीएफ-8 मध्ये ‘बंधवा’ म्हणजे 16 बाइटांची, बदलता न येणारी रांग: पाच चिन्हांचे प्रत्येकी 3 बाइट आणि अखेरीस एक शून्य. फंक्शनला देताना त्या रांगेचा उरतो तो पहिल्या बाइटचा पत्ता. पत्त्याचे ‘बूल’ करणे हे भाषेच्या अंगचे रूपांतर. ‘स्ट्रिंग’ करणे हे लायब्ररीतल्या क्लासने पुरवलेले. अंगच्याला नेहमी पहिला मान. पत्ता शून्य नाही, म्हणून ‘होय’. ‘होय’, म्हणून 1. शब्द कोणता हे कुणी वाचलेच नाही. कंपायलरने हूं की चूं केले नाही, कारण नियमाप्रमाणे काही चुकलेच नव्हते.

त्याच्यावर रागावणार तरी कसा? उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे बसून मीही वर्षानुवर्षे मुद्दा ‘आहे’ म्हणून खूण केली आहे, आणि मुलीने त्यासाठी कोणता शब्द योजला होता हे न वाचताच पान उलटले आहे.

उपाय अगदी साधा निघाला. 2014 च्या प्रमाणापासून मिटत्या अवतरणचिन्हाला ‘एस’ हे अक्षर जोडले की शब्द थेट ‘स्ट्रिंग’ होतो. प्रत्येक दुरुस्तीपुढे ते लावले आणि नवी सूची घेऊन गेलो. आत्या बोट ठेवून वाचू लागली. ‘बंधवा’पाशी थांबून ओवी गुणगुणली, आणि पुढच्या पानावरचा आणखी एक शब्द चुकलाय म्हणाली.