मानेंतील उलटा ओघ

नीला म्हणजे अशुद्ध रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा. त्यांत जागोजाग झडपा असतात. रक्ताचा भार पायांकडे उतरूं नये एवढ्याचसाठीं त्या आहेत, असें पूर्वीं मानीत. विल्यम हार्वे यानें १६२८ सालच्या आपल्या ग्रंथांत हें मत खोडतांना मानेकडे बोट दाखविलें. तेथील झडपा खालच्या बाजूस उघडतात. म्हणजे त्यांचा रोख हृदयाकडे आहे. इतका साधा आणि इतका बिनतोड पुरावा वैद्यकांत विरळाच.

ही मानेंतील झडप हरली म्हणजे काय होतें, तें मीं माझ्या आजीच्या दुखण्यांत पाहिलें. डोकें दुखतें म्हणून तिची एम. आर. आय. तपासणी झाली. त्या चित्रांत खालीं उतरणारें रक्त दिसूं नये आणि वर चढणारें चमकावें, अशी योजना असते. आजीची डावी नीला लख्ख चमकत होती! रोहिणीला भगदाड पडून तिचें रक्त नीलेंत शिरत असावें, अशी शंका निघाली. जांघेंतून नळी घालून पाहण्याचा दिवसही ठरला. ७९ वर्षांच्या देहाला तें सोसेल काय, ह्या काळजीनें घरांत चार दिवस कोणी मोकळेपणीं बोललें नाहीं.

तोंच दुसऱ्या एका वृद्ध डॉक्टरांनीं मानेची सोनोग्राफी केली. पडद्यावर रक्त वर चढत होतें. "आजी, खोल श्वास घ्या आणि रोखून धरा," ते म्हणाले. आजीनें छाती भरून श्वास घेतला, आणि ओघ मुकाट्यानें खालीं वळला. भगदाड असतें तर तें श्वासानें बुजलें नसतें.

मग त्यांनीं आम्हांस कागदावर आकृति काढून दाखविली. मानेच्या उजव्या नीलेची वाट हृदयापर्यंत जवळजवळ सरळ आहे. डावीला मात्र छातींत शिरल्यावर सुमारें ६ सेंटिमीटर तिरपें जावें लागतें, तेंही पुढें उरोस्थि आणि मागें महारोहिणीची कमान व तिच्या शाखा, ह्यांच्या बोळांतून. उतारवयांत महारोहिणी लांबते, वांकते, आणि पातळ भिंतीच्या नीलेला हाडावर दाबून धरते. झडप तोकडी पडली कीं अडलेलें रक्त उलट चढतें व पलीकडे ओलांडून उजवीकडून उतरतें. दीर्घ श्वासानें छाती पुढें येते, कमान खालीं सरकते, बोळ रुंदावतो.

नळीचा बेत रद्द झाला. डोकेदुखीचा दोष डॉक्टरांनीं त्या शिरेवर ठेविला नाहीं. आजीचे डोळे तपासून चष्मा बदलून घ्या, एवढेंच सांगितलें.