नवनगर आणि जुन्या टर्बो मोटारीचा संसार

हुबळी आणि धारवाड या दोन शहरांना १९६२ साली एका महानगरपालिकेने एकत्र आणले. परंतु व्यापाराचे गाव ते व्यापाराचे आणि विद्येचे गाव ते विद्येचे, हा भेद काही पुसला गेला नाही. या दोहोंमधल्या वीसेक किलोमीटरांच्या वाटेवर, जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यालगत नवनगर वसले आहे. पोलीस आयुक्तालय येथे आहे, राज्याचे विधी विद्यापीठ येथे आहे, आणि जवळच अमरगोळला चालुक्यकालीन शंकरलिंगाचे देऊळ उभे आहे. २०१८ पासून या रस्त्याच्या मधोमध ‘चिगरी’ बसगाड्या धावू लागल्या. चिगरी म्हणजे कानडीत हरिण. नाव गाडीला शोभणारे आहे खरे!

अशा वस्तीत अंगणात एखादी जुनी मोटार झाकून ठेवलेली दिसली, तर नवल नाही. अलीकडे आपल्या तरुण मंडळींत जुन्या टर्बो मोटारी घेण्याची हौस आढळते. १९९८ साली आलेली टाटा सफारी, २००२ ची महिंद्र स्कॉर्पिओ, या गाड्या आता विशी-पंचविशी उलटलेल्या आहेत. ज्यांनी बालपणी अशा गाडीतून कोल्हापूरच्या अंबाबाईला किंवा पंढरपूरला जाण्याचा आनंद लुटला, त्यांना ती दारात हवीशी वाटावी हे स्वाभाविकच आहे. मात्र याच गाडीत उद्या आईवडील आणि मुलेबाळे बसणार, आणि तीच अनमोडचा घाट उतरून गोव्याला जाणार. म्हणून हौसेच्या बरोबरीने थोडे ज्ञानही घरात यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

टर्बोचार्जर ही काही जादू नव्हे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हुबळीकरांना हे यंत्र अगदीच अपरिचित नाही. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून येथे रेल्वेचा कारखाना आहे, आणि येथील शेडमधल्या डिझेल इंजिनांची ती तीक्ष्ण शीळ टर्बोचीच असते.

मोटारीतला हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो, आणि तो तरंगतो केवळ तेलाच्या पातळ थरावर. सारे मर्म येथे आहे. टर्बोचे आयुष्य म्हणजे त्याच्या तेलाचे आयुष्य. त्यामुळे नव्या मालकाने पहिले काम करावे ते जुने ऑईल आणि फिल्टर बदलण्याचे. आधीच्या मालकाने काय केले हे त्याच्या बोलण्यावरून ठरवू नये, बिले पाहावीत. पुढेही दर पाच हजार किलोमीटरांना ऑईल बदलण्याचा नेम ठेवावा. आपल्याकडची धूळ फार बारीक असते. हवेचा फिल्टर फाटका असेल तर ती थेट त्या फिरत्या चाकावर आदळते.

सकाळी गाडी सुरू करताच इंजिन जोराने फिरवू नये. तेल वर चढायला अवधी द्यावा. नवनगरच्या गल्ल्यांतून मुख्य रस्त्यापर्यंत सावकाश जावे, तेवढ्यात ते काम होते. थांबण्याची रीत तर याहून महत्त्वाची. बेळगावहून हमरस्त्याने वेगाने आलेली गाडी शहरातल्या सिग्नलांवरून रेंगाळत घरी पोहोचते, तोवर टर्बो आपोआप निवतो. परंतु जो वेगात येऊन हॉटेलाच्या दारात चटकन किल्ली फिरवतो, त्याच्या गाडीत तप्त दांड्याभोवतीचे तेल जळून कोळसा होतो. तेथे मिनिट-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवावे.

खरेदीपूर्वी हुबळीहून धारवाडपर्यंत गाडी स्वतः चालवून पाहावी. धारवाड उंचावर असल्याने चढावर गाडीची ओढ कळते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. दाट काळा धूर म्हणजे बहुधा हवेची नळी कोठे तरी फुटली आहे. टर्बो नवा बसवताना त्याला तेल पोहोचवणारी नळी स्वच्छ करून घ्यावी, नाहीतर नवाही जुन्याच्याच वाटेने जातो.

क्वचित डिझेल गाडीच्या टर्बोची सील फुटून इंजिन स्वतःचेच तेल पिऊ लागते आणि किल्ली काढली तरी थांबत नाही. गिअरची गाडी असेल तर अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडते. हवेच्या तोंडाशी हात मात्र कदापि नेऊ नये. जुन्या टर्बोचा जोर उशिरा येतो आणि एकदम येतो. ओल्या घाटात समोरून वाहन येत असता त्या भरवशावर पुढे काढू नये.

दुर्लक्षाचे फळ काय, हे अमेरिकेच्या ओल्ड्समोबाइल जेटफायर या १९६२ च्या टर्बो मोटारीने दाखवले. तिच्या एका टाकीत शुद्ध पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण भरावे लागे. अनेक मालक ते भरायचे विसरत, आणि गाडीची शक्ती हरपे. अखेर कित्येक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर बसवावे लागले.

कागदपत्रांकडेही लक्ष असावे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे पाच-पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ हा मान पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीलाच मिळतो, आणि ती रोजच्या वापराला चालत नाही. तेव्हा सफारीच्या मालकाने त्या सवलतीची आशा धरू नये.

जुनी मोटार सांभाळणे हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांभाळण्यासारखे आहे. त्यांना उठायला वेळ लागतो, बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्यातच घराचे सौख्य असते. ज्याच्यापाशी निघताना दोन मिनिटे आणि पोहोचल्यावर दोन मिनिटे आहेत, त्याने ही हौस खुशाल करावी. ज्याच्यापाशी नाहीत, त्याच्यासाठी चिगरी आहेच.