एकाक्ष

दुखण्याचे कौतुक करण्याची रीत आमच्या घराण्यात नाही. आजोबा दांडियाबाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या नजरेखाली घडलेले. अंग चोरणे हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा अपराध. बडोद्यात आम्हांला लाभलेल्या वारशाचा तो एक भाग, आणि अगदी अलीकडेपर्यंत मला तो निर्दोष वाटत असे.

खो-खो खेळताना धाकटीच्या गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला. मांडीमागची कंडरा काढून तिचा नवा बंध घातला गेला. सूज ओसरली, कुबड्या माळ्यावर गेल्या. पाय मात्र पुरता सरळ होईना. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पडून राही आणि शेवटच्या आठदहा अंशांवर गुडघा अडे.

"बाबा, आत काहीतरी आडवं येतंय."

"आडवा येतो तो आळस," मी म्हणे. एकदा नव्हे, तब्बल तीन महिने. मी वही घेऊन शेजारी बसे आणि रोजचे अंश मांडून ठेवी. एके दिवशी तर तिचा गुडघा मी स्वतःच्या हाताने खाली दाबला. ती ओरडली नाही. ते मला सुधारणेचे लक्षण वाटले.

अखेर एमआरआयमध्ये नव्या बंधाच्या पुढ्यात एक गाठ दिसली. जखम भरताना उगवणाऱ्या तंतूंचा हा गोळा. पाय सरळ होऊ लागला की तो दोन हाडांच्या मध्ये सापडतो आणि दाराच्या फटीत खडा अडकावा तसा सांधा अडतो. दुर्बिणीतून पाहताना वरच्या रक्तवाहिन्यांमुळे तो डोळ्यासारखा भासतो. म्हणून जॅक्सन आणि शेफर या शल्यविशारदांनी १९९० मध्ये त्याला ग्रीक पुराणातील एकाक्ष राक्षसाचे, 'सायक्लॉप्स'चे नाव दिले. शल्यविशारदांनाही पुराणे आठवतात, याची एरवी मला मौज वाटली असती. पाय अडवण्याइतकी ती गाठ थोड्यांच्याच वाट्याला येते. व्यायामाने ती विरघळत नाही; काढावीच लागते.

दुर्बिणीतूनच ती काढली. काही दिवसांनी गुडघ्याची मागची बाजू गादीला टेकली.

त्या संध्याकाळी तिने वही मागितली. शेवटच्या रकान्यात स्वतःच्या हाताने शून्य लिहिले आणि मग आधीची पाने एकेक करून उलटू लागली. मी पाणी आणायचे निमित्त करून उठलो.