थीम पार्कची सहल आणि पिशव्या सांभाळणारी आई

वार्षिक परीक्षा संपली की घरोघरी मुलांचा एकच धोशा सुरू होतो. वर्गातला कोणीतरी इमॅजिकाला जाऊन आलेला असतो, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, आणि "आपण कधी जायचे?" हा प्रश्न जेवताना, झोपताना, आईबाबा कामावरून दमून आल्यावरही विचारला जातो. काही घरांत "आपल्याला परवडत नाही" एवढ्यावर विषय संपतो. काही घरांत वडील एका रविवारी अचानक उठतात, उसनेपासने करतात, सगळ्यांना घेऊन निघतात आणि रात्री दमून, चिडून परत येतात. या दोन्हींच्या मधला एक मार्ग आहे. तो म्हणजे आखणी.

कष्टाच्या पैशातून मुलांना चार घटका आनंद देणे ही उधळपट्टी नव्हे. मात्र पैसा कष्टाचा आहे म्हणूनच त्याचा दिवस वाया जाऊ नये. आणि आनंद घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला यावा, हे त्याहून महत्त्वाचे.

या करमणूक-नगरांचा इतिहास थोडा पाहण्यासारखा आहे. युरोपात कोपनहेगन शहरातील टिव्होली बाग १८४३ साली सुरू झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली डिस्नेलँड उघडले. ही कल्पना कशी सुचली ते डिस्ने यांनी स्वतःच सांगितले आहे. ते आपल्या दोन मुलींना सुट्टीच्या दिवशी बागेत घेऊन जात. मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसत आणि बाप बाकावर बसून शेंगदाणे खात वाट बघे. त्यांच्या मनात आले, आईबाप आणि मुले मिळून आनंद घेतील अशी एखादी जागा का असू नये? आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि २०१३ साली रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका उघडले.

म्हणजे थीम पार्क जन्माला आले ते आईबापांना बाकावरून उठवण्यासाठी. पण आपल्या सहलींत काय दिसते? आई बाकावरच बसलेली असते. तिच्याभोवती पाच पिशव्या, सगळ्यांच्या चपला, दोन मोबाईल आणि झोपी गेलेले लहान मूल. आमच्या वस्तीतील काही कुटुंबे मिळून गेलो होतो, तेव्हा परतीच्या गाडीत एका ताईंना मी विचारले, "तुम्हाला काय आवडले?" त्या हसून म्हणाल्या, "बाकाला सावली चांगली होती." तिकीट त्यांचेही पूर्ण भरलेले होते. मी हिशेबाचा माणूस. हा खर्च कोणत्या रकान्यात मांडावा ते मला अजून कळलेले नाही. पुढे जे लिहितो आहे ते अशा ताईंसाठी.

आधी वही, मग तिकीट

एका वहीत सहा रकाने आखावेत : तिकीट, प्रवास, जेवण, लॉकर, फोटो-खेळणी आणि अडीअडचण. इमॅजिकाचे तिकीट मोठ्या माणसाला हजाराच्या वर पडते आणि ते तारखेप्रमाणे कमीजास्त होते. म्हणून आधी दर पाहावा आणि मग तारीख ठरवावी. पाण्याच्या पार्कचे तिकीट वेगळे असते. एका दिवसात दोन्ही करण्याचा मोह टाळावा, धड एकही होत नाही. लहान मुलांचा दर आणि कोणत्या पाळण्यात बसू द्यायचे हे वयापेक्षा उंचीवर ठरते. तेव्हा निघण्याआधी घरातल्या भिंतीला पट्टी लावून मुलांची उंची मोजावी आणि पार्कचे नियम वाचावेत. तिथे दारात मुलाला परत फिरवले की ते रडते आणि सगळ्यांचाच उत्साह मावळतो. घरीच सांगितले तर मूल समजून घेते.

बाहेरचे जेवण आत नेऊ देत नाहीत. आतले जेवण महाग असते. म्हणून घरून निघताना पोटभर न्याहारी, प्रवासात भाकरी-चटणी किंवा पोळी-भाजी आणि आत एकच जेवण असा हिशेब धरावा. औषधे आणि बाळाचे खाणे नेण्याबद्दल आधी फोन करून विचारावे. खेळण्यांच्या दुकानासाठी प्रत्येक मुलाला ठरावीक रक्कम त्याच्याच हातात द्यावी. स्वतःच्या पैशाने घ्यायचे म्हटले की मूल दहादा विचार करते.

हा सगळा आकडा पाहून छाती दडपली, तर सहल सहा महिने पुढे ढकलावी आणि दर महिन्याला थोडे बाजूला टाकावे. भिशी किंवा बचत गट असेल तर उत्तमच. पण सहलीसाठी व्याजाने पैसे काढू नयेत. झुला दोन मिनिटांत थांबतो, हप्ता वर्षभर फिरत राहतो.

दिवस कोणता निवडावा

शनिवार-रविवारी आणि मे महिन्याच्या सुट्टीत गर्दी असते. तिकीटही महाग आणि रांगाही लांब. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या ज्या बांधवांना गुरुवारी किंवा शुक्रवारी साप्ताहिक सुट्टी असते, त्यांना इथे फायदा आहे. मुलांची एक दिवस शाळा बुडेल, पण अर्ध्या गर्दीत दुप्पट पाहून होईल. डिसेंबरात शाळांच्या सहली येतात, म्हणून तेही विचारून घ्यावे. खोपोली सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्याने तिथे पाऊस धो धो पडतो. पावसाळ्यात हिरवळ सुंदर असते, पण विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. एप्रिल-मे मध्ये ऊन भाजून काढते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. रांग टाळण्यासाठी जास्त पैसे भरून वेगळे तिकीट मिळते. कामाचा दिवस निवडला तर त्याची गरज पडत नाही.

जायचे कसे

कल्याणच्या पुढे कर्जत आणि कर्जतहून खोपोली हा लोकलचा मार्ग आहे. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी ही मधली छोटी स्थानके डोंगराच्या कुशीत आहेत. खिडकीतून दिसणारा घाट मुलांना दाखवावा. खोपोलीला टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून तिथे वीज तयार होते आणि ती मुंबईच्या गिरण्यांना जात असे. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या गिरण्यांत पाळ्या केल्या, त्यांचे माग या पाण्यावर फिरले, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

खोपोलीच्या लोकल थोड्याच आहेत, म्हणून येण्या-जाण्याच्या वेळा वहीत लिहून ठेवाव्यात. पार्क गावाबाहेर, खोपोली-पाली रस्त्याच्या बाजूला आहे. स्टेशनवर रिक्षाचे भाडे आधी ठरवावे आणि संध्याकाळी न्यायला येण्यासाठी त्याच रिक्षावाल्याचा नंबर घ्यावा. पार्कची बस आपल्या भागातून सुटते का, हेही तिकीट काढताना विचारावे.

यादी पाळण्यांची नको, माणसांची करा

बहुतेक जण पाळण्यांची यादी करतात. त्याऐवजी घरातल्या माणसांची यादी करावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात. त्या दोन त्या दिवशी झाल्याच पाहिजेत. बाकीचे जमेल तसे.

कॉलेजातल्या दादाला नायट्रो हवा असेल. हा सुमारे ४० मीटर उंचीचा रोलर कोस्टर आहे. त्यात पायाखाली तळ नसतो, पाय लोंबकळत असतात आणि माणूस पाच वेळा उलटा होतो. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अशा पाळण्यांपासून दूरच राहावे. सातवी-आठवीतल्या मुलांना राजासॉरस आवडेल. यात होडी वरून पाण्यात कोसळते आणि सगळे भिजतात. नाव काल्पनिक वाटते, पण राजासॉरस हा खरोखरच आपल्या देशातला डायनासोर. त्याची हाडे गुजरातेत सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला राजासॉरस नर्मदेन्सिस हे नाव दिले. जाण्याआधी मुलांना एवढे वाचायला लावले, तर पाळण्याबरोबर विज्ञानही घरी येईल. छोटीला दुमजली घोड्यांचे चक्र आणि कपबश्या पुरतात. आजीला बसून पाहण्याचे खेळ आहेत. आणि आईला? ते आईलाच विचारावे. "मला काही नको, तुम्ही जा" हे उत्तर पहिल्या वेळी मान्य करू नये. आय फॉर इंडिया या खेळात प्रेक्षक मोठ्या पडद्यासमोर अधांतरी खुर्चीत बसतात आणि वरून उडत जात असल्यासारखा सारा देश पाहतात. ज्या बाईने विमान फक्त आभाळातच पाहिले आहे, तिच्या नावापुढे हे लिहायला हरकत नाही.

कपड्यांचेही बोलून ठेवावे. साध्या पार्कमध्ये साडी चालते, पण पदर खोचलेला असावा. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी बांधून टाकावी किंवा पिशवीत ठेवावी. पाण्याच्या पार्कला मात्र साडी वा सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे कपडे लागतात. घरातल्या बायकांना ते अवघड वाटत असेल, तर पाण्याचा पार्क नकोच. निम्मे घर काठावर बसवून बाकीच्यांनी डुंबण्यात काय अर्थ?

दिवसाचा क्रम

दार उघडायच्या अर्धा तास आधी पोहोचावे. आत गेल्यावर सगळे पहिल्या पाळण्यापाशी थबकतात. आपण नकाशा पाहून सरळ सर्वांत मोठ्या रांगेच्या पाळण्याकडे जावे. पहिल्या तासात जे होते ते दुपारी तीन तासांत होत नाही. त्याच वेळी दुसऱ्या तुकडीने छोट्यांना घेऊन छोटे पाळणे उरकावेत. उन्हाचा तडाखा वाढला, की छपराखालचे खेळ घ्यावेत : मिस्टर इंडिया, अलीबाबा, सलीमगड. जेवण साडेबाराच्या आत किंवा दोननंतर, म्हणजे तिथली रांग वाचते. भिजण्याचे पाळणे दुपारी तीनच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळपर्यंत कपडे वाळतात. चारनंतर ज्याच्या नावापुढची गोष्ट राहिली असेल ती. शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवावा.

पिशव्यांची पाळी

आता मुख्य मुद्दा. सामान कमीत कमी न्यावे आणि उरलेल्यासाठी एक लॉकर घ्यावा. तो खर्च वाचवायला जाऊ नये, कारण वाचवलेले ते पैसे आईच्या दिवसातून वजा होतात. तरीही हातात एखादी पिशवी आणि कडेवर एखादे मूल राहतेच. त्यासाठी घरीच पाळी लावावी. कारखान्यात तीन पाळ्या असतात, इथे अर्ध्या अर्ध्या तासाच्या असाव्यात. पहिली पाळी वडिलांची. दुसरी मोठ्या मुलाची. मोठी मुलगी असेल तर फक्त तिच्यावर ढकलू नये. पाळी कागदावर लिहावी, नाहीतर तोंडी ठरलेले गेटच्या आत गेल्यावर कोणाला आठवत नाही. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण मुलगा एकदा पिशवी घेऊन बाकावर बसला आणि आई झुल्यावरून हसत खाली उतरताना त्याने पाहिली, तर तो ते विसरत नाही.

दुसरा दिवस कार्ल्याला

एक दिवस जास्त मिळत असेल, तर रात्री घाट न चढता खोपोलीलाच साधे लॉज पाहावे. सकाळी एसटीने लोणावळा गाठावे आणि तिथून पुण्याच्या लोकलने पुढचेच स्थानक मळवली. दुपारी लोकल कमी असतात, म्हणून लवकर निघावे. मळवलीहून रिक्षाने कार्ल्याच्या डोंगराचा पायथा गाठता येतो. पुढे पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा आजीचे गुडघे पाहून ठरवावे. पुरातत्त्व खात्याचे तिकीट नाममात्र आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे चैत्यगृह देशातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. छताच्या लाकडी कमानी मूळच्याच आहेत. ज्यांनी दान दिले त्यांची नावे शिलालेखांत आहेत. त्यांत धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतार आहे आणि सिंहदत्त नावाचा अत्तरवाला आहे. दोघांनी प्रवेशद्वार घडवण्याला हातभार लावला. आदल्या दिवशी मुलांनी लोखंड आणि विजेचे नवल पाहिलेले असते. आज छिन्नी-हातोड्याचे पाहावे आणि एका सुताराचे नाव कसे टिकले तेही पाहावे. संध्याकाळी लोणावळ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या इंद्रायणीचे आरक्षण आधीच करून ठेवावे, म्हणजे मुले बसून झोपतात.

परतीच्या गाडीत वही काढावी. खर्च मांडावा, उरलेली रक्कम अडीअडचणीच्या रकान्यात लिहावी. मग प्रत्येकाला विचारावे, काय आवडले? सुरुवात आईपासून करावी. आणि तिचे बोलून होईपर्यंत मुलांनी मध्ये बोलू नये.