आडवाटेचा प्रवासी

नळदुर्गचा पाणीमहाल पाहावा तो भर पावसाळ्यात. बोरी नदीचे पाणी बांधाशी येऊन अडते, क्षणभर थबकल्यासारखे वाटते आणि मग दोन वाटांनी खाली झेपावते. या दोन धबधब्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळातील ही करामत पाहण्यास आजही दूरदूरची माणसे येतात. १८५३ साली या नळदुर्गास एक इंग्रज अधिकारी राहावयास आला. कॅप्टन फिलिप मेडोज टेलर हे त्याचे नाव. तो येथवर आला, तो मात्र ठरविलेल्या वाटेने नव्हे.

मुंबईच्या एका पेढीत नोकरी आणि पुढे भागीदारी, असे वचन पदरी घेऊन फिलिप १८२४ साली इंग्लंडहून निघाला. वय अवघे पंधरा. मुंबईस उतरून पाहतो तो पेढीचा डोलारा पोकळ, मालक कर्जात बुडालेला! घर सातासमुद्रांपलीकडे राहिलेले. अशा वेळी पोराने काय करावे? सुदैवाने आईच्या नात्यातील न्यूनहॅम नावाच्या गृहस्थांनी त्याला हात दिला आणि निजामाच्या फौजेत जागा मिळवून दिली. व्यापारी व्हावयास निघालेला मुलगा शिपाई झाला.

फिलिपने नशिबाला बोल लावला नाही. ईश्वरावर त्याची श्रद्धा होती. पण हात जोडून बसणारी ती श्रद्धा नव्हती. समोर आलेले काम तो मन लावून शिके. लोकांची भाषा आल्यावाचून त्यांचे सुखदुःख कळणार नाही, हे ओळखून त्याने हिंदुस्थानी आत्मसात केली, मराठी शिकली. पुढे तुळजापूरच्या मुलखात पोलीस अधिकारी असताना वाटसरूंच्या खुनांचा छडा लावण्याच्या कामी तो लागला. तोच त्याला फौजेत परत बोलावले गेले. ठगांचे कारस्थान उघडकीस आणल्याचे श्रेय स्लीमन यांना मिळाले. टेलरच्या मनाला ही गोष्ट फार लागली. पण ठगांविषयी जे पाहिले, ऐकले, त्यातूनच त्याने कादंबरी लिहिली. १८३९ साली ती लंडनला प्रसिद्ध झाली आणि शिपाई लेखक झाला!

पुढे सुरपूर संस्थानचा कारभार त्याने पाहिला. तेथील रयत त्याला ‘महादेव बाबा’ म्हणे. तो परक्या सत्तेचा चाकर होता, हे विसरून चालणार नाही. तरीही परक्या माणसाला असे नाव उगाच मिळत नाही.

नळदुर्गला शेतजमिनीची मोजणी आणि सारा ठरविण्याचे काम त्याने हाती घेतले. किल्ला, बुरूज, पाण्याचा तो घोष, सारे त्याला आवडले होते. येथेच स्थिरावावे असे वाटत असतानाच १८५७ साली हुकूम आला: ताबडतोब वऱ्हाडात जा. सोबत द्यावयास फौज नव्हती. तो गेला, आणि त्या धामधुमीच्या काळात वऱ्हाड शांत राहिले.

१८७६ साली फ्रान्समध्ये त्याचा अंत झाला. तत्पूर्वी दृष्टी पार अधू झाली होती. चांदबिबीच्या जीवनावरील त्याची कादंबरी मृत्यूनंतर, १८७८ साली, पुस्तकरूपाने निघाली. तिच्यात नळदुर्गचा किल्ला आहे, किल्लेदार आहे, आणि बोरीचे ते पाणीही आहे.